गोकुळातील रक्षाविधी आणि गोविंदाचे शिरस्त्राण

आषाढ शुद्ध पौर्णिमेस पंढरपुरानजीकच्या गोपाळपुरी काला होतो आणि वारीची सांगता होते. दही, लाह्या, पोह्यांचा तो प्रसाद मुखी घालून वारकरी आपापल्या गावची वाट धरतात. त्र्यंबकेश्वराहून निघून आपल्या नगर जिल्ह्यातील गावोगावचा पाहुणचार घेत पंढरीस गेलेली श्रीनिवृत्तिनाथांची पालखीही मग परतीस लागते. हाच दिवस व्यासपूजेचा, गुरुपौर्णिमेचा. आणि याच सुमुहूर्तावर मुंबई-ठाण्याकडील अनेक गोविंदा पथके आपल्या सरावाचा नारळ वाढवितात. एका काल्याचा शेवट तो दुसऱ्या काल्याचा आरंभ, अशी ही योजना मोठी मनोहर आहे. तेथून तिथी मोजू लागलो तर आषाढ वद्याच्या १५, श्रावण शुद्धाच्या १५ आणि श्रावण वद्याच्या ८, अशा ३८ व्या तिथीस श्रीकृष्णजन्म येतो व दुसरे दिवशी दहीकाला. हंडी फुटते ती क्षणभरात. तिच्यामागचे हे ३८ दिवस मात्र आपल्या दृष्टीस पडत नाहीत. गोविंदाची खरी परीक्षा आणि खरा धोका या दिवसांत असतो, म्हणून आज त्यांच्याविषयी चार शब्द लिहिणे अगत्याचे वाटते.

नगर जिल्ह्यास या तिथीचे ममत्व थोडे अधिकच असावे. श्रावण वद्य अष्टमी ही जशी भगवंताची जन्मतिथी, तशीच ती परंपरेने श्रीज्ञानेश्वर माउलींचीही जन्मतिथी मानली जाते. त्याच माउलींनी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, प्रवराकाठच्या नेवाशास खांबाला टेकून गीतेचा भावार्थ मराठीत सांगितला आणि सच्चिदानंदबाबांनी तो लिहून घेतला. तो पैसाचा खांब आजही भाविकांस दर्शन देत उभा आहे. जिल्ह्यात असे गाव विरळाच, जेथे वर्षातून एकदा अखंड हरिनाम सप्ताह बसत नाही. आणि सप्ताह म्हटला की शेवटच्या दिवशी काल्याचे कीर्तन ठरलेले. शिर्डीस तर रामनवमी, गुरुपौर्णिमा आणि बाबांची पुण्यतिथी या उत्सवांच्या अखेरच्या दिवशी गोपाळकाला होऊन दहीहंडी फोडली जाते. तेव्हा हंडी ही वस्तू आम्हां नगरकरांस परकी नाही. परंतु ही कीर्तनातील हंडी बुवांच्या हातातील काठीस लागेल इतक्याच उंचीवर टांगलेली असते. फार झाले तर एखादे पोर कोणाच्या खांद्यावर बसते, मटके फुटते, आणि दह्याचे चार थेंब अंगावर पडावेत म्हणून आयाबाया लेकरांना पुढे सारतात.

चौकातील हंडीची गोष्ट निराळी. तिची उंची दोन पिढ्यांत कोठल्या कोठे गेली. २०१२ साली ठाण्यात जय जवान गोविंदा पथकाने ९ थर रचून ४३.७९ फुटांचा मनोरा उभारला आणि गिनेसच्या ग्रंथात त्याची नोंद झाली. २०२५ च्या दहीकाल्यास ठाण्यातच कोकणनगरच्या पथकाने १० थरांची सलामी दिली. हे पराक्रम थोर आहेत यात शंका नाही. माणसाच्या खांद्यावर माणूस उभा राहून रस्त्यावरच्या तिमजली घराच्या गच्चीएवढा जावा, आणि त्यातला कोणीही कोणाचे नाव विचारू नये, जात विचारू नये, हे दृश्य काल्याच्या मूळ अर्थाशी अगदी जुळते. काला म्हणजे कालवणे, एकत्र करणे. पेंद्याची भाकरी आणि नंदाघरचे लोणी एकाच पानात.

तथापि या उंचीचे लोण आता तालुक्याच्या गावांपर्यंत आले आहे. दूरदर्शनसंचावर आणि हातातल्या फोनवर मुंबई-ठाण्याचे मनोरे पाहून आमच्याकडील तरुणांसही थर लावण्याची ईर्ष्या होते. ईर्ष्या वाईट नव्हे. परंतु ठाण्याच्या नामवंत पथकामागे वर्षानुवर्षांचा अनुभव असतो, बुंध्याशी उभ्या राहणाऱ्या माणसांचे खांदे तयार झालेले असतात, कोणाचे वजन कोणाला पेलते याचा हिशेब पक्का असतो. आमच्याकडे मंडळाची बैठक श्रावणात होते, पंधरा दिवस शाळेच्या पटांगणात अगर देवळापुढच्या फरशीवर तालीम होते, आणि काल्याच्या दिवशी पाच थरांची उमेद धरली जाते. हेल्मेटे आणली गेलीच तर ती आदल्या दिवशी येतात. पाहुण्यांच्या हस्ते त्यांचे वाटप होते, छायाचित्रे निघतात. सरावाचे पंधरा दिवस मात्र डोके उघडेच.

आणि घात होतो तो येथेच. ऑगस्ट २०२५ मध्ये, दहीकाल्यास अवघे काही दिवस उरले असताना, मुंबईत दहिसर येथे सराव चालू होता. सहाव्या थरावरून ११ वर्षांचा एक मुलगा खाली पडला आणि दगावला. तो उत्सवाचा दिवस नव्हता, बक्षीस नव्हते, प्रेक्षकही नव्हते. सुरक्षेची साधने नसल्याचे त्या वेळच्या बातम्यांत आले आणि पोलिसांत गुन्हाही नोंदला गेला. त्या घरातील जन्माष्टमीचा पाळणा कसा हलला असेल, याची कल्पना करवत नाही.

असे काही घडले की दोन प्रकारची मते ऐकू येतात. एक मत असे, की हा खेळच बंद करावा. ते येथे बाजूस ठेवू. दुसरे मत श्रद्धाळू माणसांच्या तोंडून येते, म्हणून त्याचा विचार करावयास हवा. "आमच्या आज्यापणज्यांनी कोठे टोप घातले होते? देवाचे काम आहे, देवच राखतो. डोक्याला हेल्मेट आणि कमरेला दोर बांधून गोविंदा होत नाही. ती शंका झाली, भाव नव्हे." बोलणाऱ्याचा हेतू निर्मळ असतो. तरीपण ज्या ग्रंथातून हा उत्सव आला तो श्रीमद्भागवताचा दशम स्कंध उघडून पाहिला, तर गोकुळातील वडीलधाऱ्यांची रीत या बोलण्याहून वेगळी होती असे दिसते.

सहाव्या अध्यायात पूतनावध आहे. राक्षसी मरून पडली, तिच्या प्रचंड देहावर बाळ निर्भयपणे खेळत होता. देवाने देवाचे काम केले होते. आता उरले काय? परंतु यशोदा आणि रोहिणी यांच्यासह साऱ्या गोपी धावत आल्या, त्यांनी बाळाला उचलले आणि त्याची रक्षा केली. त्याच्यावरून गाईचे शेपूट फिरविले, गोमूत्राने स्नान घातले, गाईच्या खुरांची धूळ अंगास लाविली आणि शेणाने बारा अंगांवर भगवंताच्या नामांचे न्यास केले. मग पाय, गुडघे, मांड्या, कटी, उदर, हृदय, कंठ, भुजा, मुख, मस्तक अशा एकेका अवयवासाठी एकेका नामाची योजना केली. पुढे, मागे, दोन्ही बाजूंस, वर, खाली, अशी एकही दिशा मोकळी सोडली नाही. ज्याच्या नामाने रक्षा करावयाची तोच पुढ्यात बाळ होऊन पडला आहे, याची त्या माउल्यांना जाणीव नव्हती. आणि असती तरी त्यांनी हा विधी टाळला असता असे वाटत नाही.

या प्रसंगातील एक बारीक तपशील वाचताना बहुधा नजरेतून निसटतो. गोपींनी आचमन करून प्रथम स्वतःच्या अंगावर व हातांवर न्यास केले, आणि त्यानंतर बाळाच्या अंगावर. आधी मोठ्यांनी, मग लहानाने. आजच्या गोविंदा पथकांनी हा क्रम मनावर घेतला तर निम्मे काम झाले. बहुतेक ठिकाणी हेल्मेट घालतो तो फक्त वरचा लहानगा. खालच्या तीन थरांतील बाप्ये उघड्या डोक्याने उभे असतात, आणि सरावात मोठ्यांचे पाहून लहानही ते काढून ठेवतो. वास्तविक मनोरा ढासळला की वरचा पडतो तो सरळ जमिनीवर नव्हे. तो खालच्यांच्या डोक्यांवर, मानांवर पडतो. तेव्हा खालच्याला टोपाची गरज नाही असे मानण्यास काहीच आधार नाही.

पुढे अकराव्या अध्यायातील प्रसंग तर याहून बोलका आहे. उखळाला बांधलेल्या कृष्णाने दोन अर्जुनवृक्ष उन्मळून पाडले, त्यानंतर नंदादी वृद्ध गोपांनी बैठक भरविली. त्यात उपनंद नावाचा वयाने व ज्ञानाने थोर असा गोप बोलावयास उठला. त्याने एकेक संकट मोजून दाखविले. राक्षसीच्या तावडीतून पोर वाचले. गाडा उलटला, तो हरिकृपेने अंगावर आला नाही. वावटळीच्या रूपाने आलेल्या दैत्याने आकाशात नेले आणि तो खडकावर आपटला, तेथेही देवांनी राखले. झाडांच्या मधे सापडूनही ते मेले नाही, ती अच्युताचीच कृपा. हे सारे मान्य करून उपनंदाने निष्कर्ष काय काढला? देव राखतोच आहे, तेव्हा स्वस्थ बसा, असा नव्हे. पुढचे अरिष्ट कोसळण्यापूर्वी मुलांना घेऊन आजच्या आज येथून निघू, असे तो म्हणाला. आणि साऱ्या गोपांनी एकमताने ते मानले. वृद्ध, बालके, स्त्रिया आणि सारी चीजवस्तू गाड्यांवर चढविली, गोप धनुष्ये घेऊन सावध झाले, आणि अवघे गोकुळ वृंदावनास निघाले.

एका गावाने मुलांच्या जिवासाठी आपली वस्ती उठविली! प्रत्येक वेळी हरीने वाचविले ही श्रद्धा जिवंत ठेवून उठविली. आणि आम्ही मुलाच्या हनुवटीखाली एक पट्टा आवळावयास कचरतो.

कवच हा शब्द तरी आपल्या घरात कोठून आला? सायंकाळी देवापाशी दिवा लावून मुलांकडून रामरक्षा म्हणवून घेण्याची चाल अजून पुष्कळ घरांत आहे. बुधकौशिक ऋषींच्या त्या स्तोत्रात मस्तकापासून आरंभ करून कपाळ, डोळे, कान, नाक, मुख, जीभ, कंठ, खांदे, भुजा, हृदय, नाभी, कंबर, मांड्या, गुडघे, पोटऱ्या, पावले, असा सारा देह एकेका नामाच्या स्वाधीन केलेला आहे. देवीचे कवच आहे. भागवताच्याच सहाव्या स्कंधात नारायणकवच आहे. कवच म्हणजे मुळात रणात अंगावर चढविण्याचे चिलखत. योद्धा ते अंगावर चढवी आणि मुखाने नामही घेई. एकाने दुसऱ्यास उणेपणा येतो असे त्यास कधी वाटले नाही. ज्या घरात सातच्या सुमारास मुलाकडून मस्तकाचे रक्षण मागून घेतले जाते, त्याच घरातून आठ वाजता तोच मुलगा उघड्या मस्तकाने चौथ्या थरावर चढावयास जातो, यातील विसंगती ध्यानी घ्यावी.

बलोपासनेत तर ही दृष्टी आपल्याकडे फार पूर्वीपासून आहे. नगर हा पहिलवानांचा जिल्हा. २०२५ च्या आरंभी महाराष्ट्र केसरीची स्पर्धाही अहिल्यानगरातच भरली होती. कोणत्याही तालमीत जाऊन पाहा. मारुतीरायापुढे उदबत्ती लागते आणि मग फावड्याने आखाडा उकरला जातो. लाल मातीत हळद, ताक, तेल घालून ती मऊ राखतात, ती शोभेसाठी नव्हे. माती बसून कडक झाली की पाठ टेकताना हाड दुखावते, म्हणून रोज उकरावयाची. लंगोट कसल्यावाचून वस्ताद कोणा पोराला मातीत उतरू देत नाही, मग तो दिवस जोर-बैठकांचा असो वा जत्रेतील मोठ्या कुस्तीचा. "आज नुसता सराव आहे, लंगोट राहू दे," असे कोणी म्हटले तर तालीम हसेल. ही शिस्त ज्या जिल्ह्याच्या हाडीमासी आहे, त्याने गोविंदाच्या सरावाला ती लावू नये, हे नवल म्हणावे लागेल.

आता प्रत्यक्ष साधनांविषयी. २० फुटांवरून सुटलेला देह सुमारे सव्वा सेकंदाच्या आत जमिनीस लागतो, आणि त्या क्षणी त्याचा वेग ताशी ३९ किलोमीटरच्या घरात असतो. रस्त्यावर धावणाऱ्या मोटारसायकलीचा हा वेग. मोटारसायकलीवर हेल्मेट हवे हे आता सर्वांस पटले आहे. मग येथे नको कसे? मात्र मोटारसायकलीचेच हेल्मेट आणून मुलाच्या डोक्यावर ठेवणे योग्य नाही. ते जड असते, कान झाकते, बाजूचे दिसू देत नाही. आणि मनोऱ्यात तर शिक्षकाची हाक ऐकू येणे हेच पहिले संरक्षण. गिर्यारोहक वापरतात तसे हलके, कान मोकळे ठेवणारे व हनुवटीखाली पट्टा असलेले हेल्मेट बरे. पट्टा सैल असेल तर ते डोक्याआधी जमिनीवर पोहोचते. आतील थर्माकोलसारखा थर स्वतः दबून आघात शोषतो आणि एकदा दबला की पुन्हा फुगत नाही. म्हणून ज्या हेल्मेटने एकदा मोठा मार खाल्ला ते वरून धड दिसले तरी काढून टाकावे. काल्याच्या दिवशी आणखी एक उपयोग होतो, तो म्हणजे मडक्याच्या खापऱ्यांपासून डोके वाचते.

दोराची गोष्ट अधिक नाजूक. सर्वांत वरचा गोविंदा, ज्यास पथकात एक्का म्हणतात, त्याला मोठ्या हंड्यांच्या ठिकाणी वरून सोडलेला दोर बांधतात. हा दोर नुसता कमरेस बांधणे धोक्याचे. पडताना सारा झटका पोटाला आणि मणक्याला बसतो. छाती, खांदे व मांड्या यांना मिळून धरणारा पट्ट्यांचा सांगाडा हवा, म्हणजे भार विभागला जातो. दोर वरून यावा, बाजूने नव्हे, नाहीतर पडणारा देह झोका घेऊन भिंतीवर अगर खांबावर आदळतो. आणि तो धरणारा माणूस जाणता हवा. दोर ढिला राहिला तर मूल आधी मोकळे पडते व मग हिसक्याने अडते. फार ताणला तर मुलाचा तोल जातो. चढताना दोर घेत राहणे, उतरताना देत राहणे ही स्वतंत्र विद्या आहे, आणि ती एका दिवसात येत नाही.

सरावातच हे सारे का घालावयाचे, याचे उत्तर येथे मिळते. हेल्मेटच्या वजनाने मानेचा तोल थोडा बदलतो. पट्ट्यांमुळे मांडी वर उचलताना अडखळते. ज्या मुलाने ३८ दिवस उघड्या अंगाने चढण्याची सवय केली, त्याच्या अंगावर ३९ व्या दिवशी हे चढविले तर ते त्यास ओझे वाटणारच, आणि ऐन क्षणी त्याचे चित्त हंडीवरून उडून हनुवटीच्या पट्ट्याकडे जाणारच. मग तो म्हणतो, यामुळेच मी घसरलो. त्याचे म्हणणे खोटेही नसते. पहिल्या दिवसापासून पहिल्या थरापासून अंगावर असेल तर चार दिवसांत त्याची आठवणही राहत नाही, जशी पहिलवानाला लंगोटाची राहत नाही.

गावाकडील सरावात वरून दोर सोडण्याची सोय बहुधा नसते. झाडाच्या फांदीवरून किंवा देवळाच्या तुळईवरून काहीतरी दोरखंड टाकून वेळ मारून नेणे हे तर न करण्याहून वाईट. माझे मत असे की जेथे जाणत्याने तपासलेला दोर नाही, जाड गाद्या नाहीत, तेथे थर खालचेच लावावेत. सरावात उंची गाठली पाहिजे असा काही नियम नाही. खालचे तीन थर पक्के बसविण्यातच निम्मा सराव जातो, असे जुने गोविंदा सांगतात. कुस्तीच्या मॅट आज अनेक शाळांत व तालमींत आहेत; त्या महिनाभर मागून आणण्यात कमीपणा नाही. खांद्यावर घडीचे फडके ठेवणे, मानेवर पाय न देता खांद्याच्या कडेवर देणे, हातातील कडे, अंगठी, घड्याळ, कमरेचा बक्कल काढून ठेवणे, पावलांस तेल नसणे, या बिनखर्चाच्या गोष्टी आहेत. आणि मनोरा जितका काळजीने चढतो तितक्याच काळजीने उतरला पाहिजे. हंडी फुटली की आनंदाच्या भरात खालचे नाचू लागतात आणि वरचे अजून उतरावयाचे असतात, हे प्रत्येकाने पाहिले असेल.

आपल्यासारखाच छंद असलेला एक प्रांत युरोपात आहे. स्पेन देशातील कॅटलोनियात सणावारी गावच्या चौकात माणसांचे मनोरे रचतात, आणि शेवटी एक लहान मूल वर चढून हात उंचावते. दोनशे वर्षांहून जुनी ही परंपरा. २०१० साली युनेस्कोने मानवजातीच्या वारशात तिची गणना केली. तेथील माणसे कमरेस कित्येक हात लांबीचा काळा पट्टा घट्ट गुंडाळतात. त्याने पाठीस आधार मिळतो आणि वर चढणाऱ्यास पाय ठेवावयास जागाही. बुंध्याशी शेकडो लोक असे दाटीने उभे राहतात की वरून पडणारा त्यांच्या हातांवरच यावा. २००६ साली तेथे एक बारा वर्षांची मुलगी पडून मृत्यू पावली. तिच्यानंतर वरच्या मुलांच्या डोक्यावर मऊ हेल्मेट सर्वत्र रूढ झाले, आणि अवघड मनोऱ्यांच्या सरावात खाली नव्हे तर मधल्या उंचीवर जाळे बांधण्याचीही चाल तेथे आहे. परंपरा तिळमात्र उणी झाली नाही. मनोरे पूर्वीइतकेच उंच जातात. मूल तेच, चौक तोच, डोक्यावर एक टोप अधिक.

आपल्याकडे कायद्याने बरीच वळणे घेतली. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने १८ वर्षांखालील मुलांस मनाई केली आणि उंचीस २० फुटांची मर्यादा घातली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २०१७ साली उच्च न्यायालयाने उंचीची मर्यादा उठविली. १४ वर्षांखालील मुलांस थरांत घेऊ नये हे मात्र कायम राहिले. २०२२ साली राज्य शासनाने दहीहंडीस साहसी खेळाचा दर्जा देण्याची घोषणा केली आणि गोविंदाचा मृत्यू झाल्यास कुटुंबास १० लाख रुपये देण्याचे ठरविले. दहिसरचा मुलगा ११ वर्षांचा होता. म्हणजे नियम होता, साधने बाजारात होती, आणि तरीही तो सहाव्या थरावर होता. न्यायालय प्रत्येक पटांगणावर येऊन उभे राहू शकत नाही. तेथे उभे राहू शकतात ते आईबाप.

हे आईबापांनी मनावर घ्यावे. मुलगा सरावास निघाला की एकदा पटांगणावर जाऊन पाहावे. मंडळाच्या जाणत्यांना विचारावे, की हेल्मेटे किती आहेत, आणि ती आज कोठे आहेत? कपाटात असतील तर चावी कोणाकडे आहे? ध्वनिक्षेपकांच्या भिंती, रोषणाई, पाहुण्यांचे हारतुरे यांवर वर्गणीचा मोठा भाग खर्च होतो. त्यातील एका सायंकाळच्या ध्वनिक्षेपकांच्या भाड्यात पथकातील पुष्कळ डोकी झाकली जातील. हिशेब मागणाऱ्यास वाईट म्हणतात, हे खरे. उपनंदासही त्या दिवशी गोकुळ सोडा म्हणताना जड गेलेच असेल. तेथील गाई, गोठे, नांदती घरे त्याने पाहिली नव्हती काय?

राहता राहिला प्रश्न चौदा वर्षांखालील मुलांचा. त्यांची हौस सर्वांत मोठी, आणि त्यांनाच थरांतून वगळावयाचे. घराघरांतून हिरमुसली तोंडे दिसतील. परंतु चौकातील हंडी हीच एकमेव हंडी नव्हे. भागवतातील बाळकृष्ण शिंक्यापर्यंत हात पोहोचेना तेव्हा पाट आणि उखळ एकावर एक रचून चढला असे गोपी यशोदेकडे गाऱ्हाणे करतात. मित्रांच्या खांद्यांचे सात थर तेथे नाहीत. तेव्हा देवळाच्या सभामंडपात, वाड्याच्या चौकात, शाळेच्या ओट्यावर पुरुषभर उंचीवर एक मडके टांगावे. दही, पोहे, लाह्या, काकडी, डाळिंबाचे दाणे, थोडे लोणचे असा काला मुलांनीच सकाळी कालवावा. मडके ताकाने भरावे, त्याच्या गळ्यात झेंडूची माळ घालावी. ज्याचे वय सर्वांत कमी त्याला वडिलांनी, काकांनी किंवा आजोबांनी खांद्यावर घ्यावे, खाली गादी असावी, डोक्यावर टोप असावा, आणि काठी त्याच्या हाती द्यावी. एका घावात फुटले नाही तर दोन घाव. ताक सर्वांच्या अंगावर उडेल, खापऱ्या आजी गोळा करील, आणि काल्याचे पहिले पान देवापुढे ठेवून उरलेले मुले एकमेकांच्या हातातून हिसकावून खातील.